सुकतीच्या सकाळी बंद पडणारा बोगदा

ती घटना आजही आठवते, आणि मी विसरू नये म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला एक जुनं कॅलेंडर लटकतंय. कागद पिवळा पडलाय, कोपरे कुरतडलेत. मुलगी रोह्याहून आली की म्हणते, बाबा, काढा आता ते, भिंत रंगवायचीय. मी सांगितलंय, कॅलेंडर सोडून बाकीची रंगव.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी आलो. लिहायची सवय ती स्टेशन डायरीची. अमुक वाजता तमुक इसम ठाण्यात हजर, एवढंच. तेव्हा इथं गोड भाषा शोधू नका. नाव कोणाचंच लिहिणार नाही. कंपनीचं नाही, गावाचं नाही, साहेबांचं नाही. एक नाव तर तेव्हाही लिहिलं नव्हतं. ते का, ते पुढं येईल.

पेणच्या खाडीकडं तेव्हा एक काम चालू होतं. रोह्याच्या बाजूला पाणी नेणारी मोठी पाइपलाइन खाडीच्या खालून न्यायची होती. त्यासाठी खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याजवळच्या चिखलाच्या जमिनीत, विहिरीसारखा पन्नास फूट खोल खड्डा घेतलेला. त्याच्या तळापासून आडवा बोगदा. आत लोखंडी कडी बसवायची, वेल्डिंग मारायची, पुढं खणायचं, परत कडी. एका पाळीला बारा माणसं. वरून ब्लोअरनं हवा सोडायची. कोळशाची खाण नव्हती, पण खाली उतरल्यावर खाणीपेक्षा वेगळं काही वाटत नव्हतं. मी उतरलोय, म्हणून सांगतो.

तिथला साइट इंजिनिअर एक दिवस ठाण्यात आला. तरुण पोरगा, डोळे लाल, झोप नाही.

"काका, हा घातपात आहे," म्हणाला. "दोन महिन्यांत चार वेळा कोणीतरी मेन स्विच पाडलाय. सकाळी सव्वासातला. पहिली पाळी खाली उतरते आणि पाव तासात सगळं गुडूप. माणसं अंधारात चाचपडत वर येतात. उद्या कोणी शिडीवरून पडलं तर?"

गावानं सुरुवातीला कामाला विरोध केलेला. त्यामुळं संशय गावावर. मोठ्या साहेबांनी गुन्हा दाखल करून घेतला आणि तपास माझ्याकडं दिला. म्हणाले, "तू खाडीकडचा जावई. तुला ती माणसं कळतात."

जावई होतो हे खरं. माझी बायको तिथल्याच मीठ पिकवणाऱ्या घरातली. पण माणसं कळत होती म्हणाल तर मला तेव्हा काही कळत नव्हतं.

पहिली बातमी चहाच्या टपरीवर मिळाली. पोलिसाला निम्म्या बातम्या टपरीवरच मिळतात. कारण टपरीवाल्याला दिवसभर एकाच जागी बसून सगळ्यांच्या पायाकडं बघायला लागतं. तो म्हणाला, "सायेब, तुमचा त्यो हेल्पर बघा. ज्या दिवशी लाईट जाते ना, त्या दिवशी सकाळी चप्पल काढून बांधावर जातो. खाडीकडं बघतो. परत येतो. मग लाईट जाते."

हेल्पर म्हणजे खड्ड्याच्या तोंडाशी दोर-बादली बघणारा माणूस. पन्नाशीचा, काळा, वाळका, आधी मिठागरात काम केलेला. स्विचची खोली त्याच्यापासून दहा पावलांवर. मी मनात चित्र रंगवलं. खाडीत होडी, होडीतून कोणीतरी खूण करतंय, हा खूण बघून बटण पाडतोय. कॉन्स्टेबलला दोन दिवस बांधावर बसवला. होडी काही आली नाही, डास मात्र आले. बिचारा तापानं आजारी पडला.

मग हेल्परलाच चौकशीला आणला. पंचांसमोर पिशवीची झडती घेतली. जेवणाचा डबा, टॉवेल, बिड्यांचा कट्टा. माचिस नाही.

"बिड्या आहेत, माचिस कुठंय?"

"घरी ठेवून येतो."

"मग बिडी पेटवतोस कशी?"

"घरी जाऊन."

मी पंचनाम्यात लिहिलं: एक बिडी कट्टा, अर्धवट. माचिसचं काही लिहिलं नाही. नसलेली वस्तू पंचनाम्यात लिहीत नाहीत. इथं माझं पहिलं चुकलं. त्या साइटवर बाकीच्या प्रत्येकाच्या खिशात लायटर होता, मीच बघितलेला. ज्याला घात करायचा आहे तो माचिस घरी ठेवून का येईल? हा प्रश्न मला पडायला हवा होता.

मग ओळखीच्या खुणांचा रकाना. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण. तेही लिहिलं, विचारलं काहीच नाही. रकाना भरला की आपलं काम झालं असं वाटायचं.

"तूच पाडतोस ना बटण?"

"मना नाय ठावं."

"बांधावर काय बघतोस?"

"पानी."

"पाण्यात काय असतं?"

"पानी हाय का नाय, त्ये बघतो."

ठाणे अंमलदार हसला. "हा आपली फिरकी घेतोय. दोन ठेवून देऊ का?"

मी नको म्हणालो. मी फार साधू होतो अशातला भाग नाही. पण मारलेला माणूस तुम्हाला जे हवं ते सांगतो, आणि मला काय हवं होतं तेच मला माहीत नव्हतं.

संध्याकाळ झाली. हेल्पर भिंतीला टेकून बसलेला. अचानक म्हणाला, "सायेब, आज तिथी काय?"

"उपास आहे का तुला?"

"नाय. सांगा तरी."

मी टेबलावरचं कॅलेंडर बघितलं. "काल अमावास्या झाली. आज प्रतिपदा."

तो ताठ बसला. "मंग उद्या सकाली कोनाला खाली उतरू देव नका."

"का? काय होणार उद्या?"

"मना नाय ठावं. उतरू देव नका, बस."

मी ते जबाबात जसं लिहिलं तसं इथं लिहितो, कारण लाज वाटली तरी खरं ते खरं. 'सदर इसमाने दुसऱ्या दिवशी सकाळी कोणास खाली उतरू देऊ नये अशी गर्भित धमकी दिली.' मोठ्या साहेबांनी वाचलं आणि खूश झाले. "झालं. हा कबुलीजबाबच आहे. उद्या सकाळी अटक दाखवा, कोर्टात उभा करू." त्याची बायको ठाण्याच्या दारात बसलेली. नुसती आत बघत होती. मी तिच्याकडं न बघता जेवायला घरी गेलो.

घरी बायको तव्यावर तांदळाची भाकरी टाकत होती. मी खात्यातलं घरी बोलायचो नाही. त्या दिवशी बोललो, कारण ती दारातली बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"कुठला हाय त्यो?" तिनं विचारलं. मी गाव सांगितलं. "म्हणजे आमच्या बाजूचा. आनि लाईट कुठल्या कुठल्या दिसाला गेली?"

"तुला काय करायचंय गो?"

"सांगा तर. भाकरी करपंस्तवर तरी बोला."

मला चारही तारखा पाठ होत्या. सांगितल्या. तिनं पिठाच्या हातानं भिंतीवरचं कॅलेंडर उचलून पानं मागं केली. मग माझ्याकडं अशी बघायला लागली की जसा मीच आरोपी.

"अवो, ह्या चारी दिसांना मी गोल केलाय."

"कसला गोल?"

"वयनी शिवल्या घेऊन बाजारात येते त्यो दिस."

तिची माहेरची वहिनी पेणच्या बाजारात शिवल्या, म्हणजे चिखलातले शिंपले, विकायला यायची. बायको तेवढ्यासाठी बाजारात जायची. शिवल्या घ्यायच्या आणि माहेरचं सगळं ऐकून यायचं, दीड-दोन तास. तो दिवस चुकू नये म्हणून बॉलपेननं गोल. तीस वर्षं मी त्या भिंतीसमोर बसून जेवलो, गोल कधी दिसले नाहीत. तपास अधिकारी!

"शिवल्या काय रोज भेटतात का?" ती म्हणाली. "अमावाश्या-पुनवंनंतर मोठी सुकती असते, पानी लांब जातं, चिखल उघडा पडतो, तवा बायका शिवल्या काढतात. आनि पानी उतरलं का चिखल श्वास सोडतो."

"श्वास म्हणजे?"

"बुडबुडं वो. वास येतो. त्याला आग धरते. माझा आजा पेटती चूड घेऊन चिंबोऱ्या-खेकडं धरायला गेलेला. खाली वाकला आनि भप्प झालं. अर्धी मिशी गेली. आजी मरंस्तवर त्याला अर्धमिश्या म्हनायची."

मी हसलो नाही. मला तो व्रण आठवला, मनगटापासून कोपरापर्यंत. पाण्याचं वजन वरून उतरलं की चिखलातला गॅस सुटतो, आणि त्या चिखलाच्या खाली बारा माणसं वेल्डिंग करतायत.

"म्हणजे तो धमकी देत नव्हता."

"धमकी कसली? त्यो तुमाला सांगत व्हता. तुमाला ऐकू येत नाय त्याला कोन काय करनार?" मग बोटं मोजली. "उद्या दुज. तिथीची पाऊणपट करा. दीड वाजता भरती. म्हणजे सकाळी साडेसातला पानी पार तळाला."

पहिली पाळी सात वाजता उतरायची.

मी तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. भाकरी करपली ती करपलीच.

"शिवल्या?" साहेब ओरडले. "तू आता शिवल्यांवरून गुन्ह्याचा तपास करतोस?"

"बातमी खात्रीलायक आहे साहेब. उद्या माणसं उतरू देऊ नयेत. मी स्वतः तपासून सांगतो."

"बातमीदार कोण?"

"नाव सांगता येत नाही साहेब."

"भरवशाचा आहे?"

"तीस वर्षांची ओळख आहे. एकही बातमी खोटी निघालेली नाही."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी पाठ फिरवली. साहेबांनी दुपारपर्यंत मुदत दिली.

सकाळी साडेसहाला हेल्परला घेऊन साइटवर गेलो. इंजिनिअर वैतागलेला, पण पोलिसाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. पाळीची माणसं वरच थांबवली. वेल्डिंगच्या केबली काढून घेतल्या, सगळ्यांच्या खिशातले लायटर काढून बादलीत टाकले. ब्लोअर चालू ठेवला. खाली उतरलो आम्ही चौघं. मी, हेल्पर, इंजिनिअर आणि सुरक्षा मुकादम.

मुकादम चंद्रपूरकडचा. कोळशाच्या खाणीत जन्म काढलेला. गॅसचं मशीन त्याच्या गळ्यात. माणूस इमानदार, रोज सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजून रजिस्टरमध्ये लिहायचा. दोन महिन्यांत एकदाही गॅस लागला नव्हता.

बोगद्याच्या टोकाला गेलो. सात वाजून गेले. मुकादमानं मशीन गुडघ्याजवळ धरलं. काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही. इंजिनिअर घड्याळ बघायला लागला. "काका, आता तरी पटलं?"

हेल्पर मशीनकडं बघत होता. मुकादमाला म्हणाला, "दादा, खाली काय धरता? बुडबुडा वर जातो का खाली जातो?"

मुकादम थबकला. वर चढवायला काहीतरी शोधलं. बांबूचा तुकडा होता, त्याला मशीन बांधलं आणि छताला लावलं.

ते किंचाळायला लागलं.

मी आधी धाटावला नोकरीला असताना एका कारखान्याच्या शेडच्या आगीचा पंचनामा केलेला. पंचनाम्यात आगीचं कारण लिहायला जागा असते. ती जागा नेहमी आग विझल्यावर भरली जाते. त्या बोगद्यात उभं राहून मला तो कागद दिसला, आणि त्यावर बारा नावं.

मुकादमानं माझी कॉलर धरली. "चला! कोनी कायलेच हात लावू नका. बटण नाही, मोबाइल नाही. चला म्हनतो ना!" चाळीस वर्षांच्या नोकरीत माझी कॉलर धरणारा तो एकटाच, आणि त्याच्यावर मी गुन्हा दाखल केला नाही.

वर आलो. मुकादम वाळूच्या ढिगावर बसला. म्हणाला, "खाणीत आम्ही छतालेच धरत होतो जी. इथं वाटलं, चिखलाची जागा, विहिरीसारखी. विहिरीतला खराब वारा खाली बसते, म्हनून खाली धरलं. आनि सहाले मोजत होतो. साडेसातले कोन मोजते?"

मग तो हेल्परकडं वळला. "बटण तूच पाडत होता?"

हेल्परनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. "व्हय," तो म्हणाला. "पैल्यांदा ह्या इंजिनिअर सायेबास्नी सांगितलं, सुकती मोठी हाय, आज उतरू नका. त्ये हसले. म्हनाले, परत बोललास तर कामावरनं काढीन. मंग काय करनार? ठिणगी पडू नाय म्हनून बटण पाडलं. कोन मेलं नाय पायजे, एवढंच."

इंजिनिअर जमिनीकडं बघत होता.

"पन बटण पाडलं का ब्लोअरही बंद होते, समजलं का?" मुकादम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तू ठिणगी बंद केली, पन हवाही बंद केली. गॅस आत साचला. मग ह्यांनी बटण चालू करून लगेच वेल्डिंग लावली असती, तर तूच सगळ्यायले मारलं असतं, बापा."

हेल्परच्या तोंडचं पाणी पळालं. तोही वाळूत बसला. "मना नाय ठावं व्हतं," एवढंच म्हणाला. जबाबात तो तेच म्हणत होता, पण तेव्हा खोटं होतं. आता खरं होतं.

चार वेळा मग वाचले कसे? ते इंजिनिअरच्या तोंडामुळं. लाईट आली की तो सगळ्यांना वर उभं करून तासभर शिव्या घालायचा, कोणी पाडलं म्हणून. तेवढ्या वेळात ब्लोअर चालून आतला गॅस निघून जायचा. शिव्यांनी माणसं वाचल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं. त्याला तसं सांगितलं तर तो हसला, मग रडला. पोरगाच होता.

त्या दिवसापासून ब्लोअरची लाईन वेगळी झाली, मेन स्विचशी संबंध नाही. मशीन बांबूवर, छताला, आणि पाळी चालू असेपर्यंत तिथंच. माचिस-लायटर खड्ड्याच्या तोंडाशी बादलीत. आणि स्विचच्या खोलीबाहेर एक पाटी लागली. तिच्यावर हेल्पर रोज खडूनं तिथी आणि सुकतीची वेळ लिहायचा. मोठ्या सुकतीला खाली वेल्डिंग बंद. मुकादम ती पाटी बघितल्याशिवाय उतरायचा नाही. दोघं एकाच डब्यात जेवायला लागले, एक चंद्रपूरचा, एक खाडीचा. भाषा एकमेकांची निम्मी कळायची.

गुन्ह्याचं काय? मी क समरी पाठवली. म्हणजे गैरसमजातून घडलं, गुन्हा खराही नाही आणि खोटाही नाही. कंपनीनं हरकत घेतली नाही. ती धमकीची ओळ मात्र कागदात तशीच राहिली. खाडाखोड करता येत नाही. खाली पुरवणी जबाब जोडला आणि त्यात ती ओळ मी चुकीची समजलो असं माझ्याच सहीनं लिहिलं. साहेब म्हणाले, असं कोण लिहितं? मी म्हटलं, मी लिहितो, मी सातवी पास आहे. केस डायरीत मात्र एवढंच आलं: 'गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाल्याने.'

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "माझं नाव लावलं का?"

"बातमीदाराचं नाव लावत नसतात."

"मंग मना काय?"

"काय पाहिजे?"

"एकदा माझ्यासंगती सुकतीला चला. शिवल्या काढायला."

पुढच्या पुनवेनंतर रजा टाकून गेलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. तिच्या गावच्या बायकांनी फौजदाराला ओढून काढला. "जावय, चिखलाला वर्दी कलत नाय!" असं ओरडून ओरडून हसल्या. शिवल्या मला मिळाल्या पाच. बायकोला टोपलीभर. निवृत्तीनंतर वर्षातून दोन-तीनदा जात होतो. सुखाचे दिवस होते ते, आणि मला ते सुखाचे आहेत हे तेव्हा कळत होतं, एवढं मी नक्की सांगतो.

बोगदा पुरा झाला. पाणी रोह्याकडं गेलं. कोणाला काही झालं नाही, त्यामुळं पेपरात एक ओळही आली नाही. पोलिसाच्या नोकरीत घडलेल्या गोष्टींचं बक्षीस मिळतं. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. मला आता वाटतं, आपण लोकांचं बोलणं जबाब म्हणून लिहून घेतो, पण ते आपल्याला काहीतरी सांगतायत असं धरून फार थोडे ऐकतो. इंजिनिअर हसला, मी धमकी लिहिली, आणि पिठाच्या हातानं ऐकणारी एकच निघाली.

हेल्पर मला विसरला नाही. मोठ्या सुकतीनंतर शिवल्यांची पिशवी घेऊन दारात यायचा, आणि दर वेळी एकच प्रश्न. "सायेब, आता तरी सांगा. तुमाला कोनी सांगितलं? आमच्यातलाच कोनी असनार." मी म्हणायचो, बातमीदाराचं नाव सांगत नसतात. बायको आतून पाणी घेऊन यायची, त्याला पाणी द्यायची आणि काही न बोलता आत जायची. आत गेल्यावर हसायची, ते मला ऐकू यायचं.

गेल्या वर्षी ती गेली.

दहाव्याला तो आला. पिशवी नव्हती, हात मोकळे. चहा नको म्हणाला, पाणी चालेल म्हणाला. घरात पाणी द्यायला आता मीच होतो, म्हणून तो माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर त्याला दिसलं. त्याच वर्षाचं. जवळ गेला. पहिल्यांदा लाईट गेली त्या दिवसापासून गोलांवर बोट ठेवत गेला, एक पान, दुसरं पान. ओठ हलत होते, तिथ्या मोजत होता. पाचव्या गोलापाशी थांबला. ती दुज होती, आम्ही चौघं खाली उतरलो त्या सकाळची.

 मग चपला बाहेर काढल्यात का ते खाली बघितलं, आणि कॅलेंडरला दोन्ही हात जोडले.

माझ्याकडं वळून काही विचारलं नाही.  नाव मी सांगितलेलं नाही, आजही सांगत नाही. त्यानं स्वतः तपास लावला.